खातून पुढच्या दारानं आली

बांगड्या भरून घेताना गप्प बसणारी बाई कुरखेड्याच्या खातूनला परवडत नसे. गप्प बाई हात आखडते आणि हात आखडला की काच तडकते. म्हणून ती समोरच्या बाईला आधी बोलतं करायची. धानाचं रोवणं आटोपलं काय, मोहा यंदा कसा पडला, लेक सासरी रमली काय. बाई उत्तर द्यायच्या नादात असायची तेवढ्यात खातून तिचा अंगठा तळहातात मिटवायची, दाबून हाडं सैल करायची आणि बांगडी मनगटावर उतरवायची. बाई मान खाली घालून बघायची तर हात भरलेला.

हे तिला सासूनं शिकवलं होतं. सासू थकली तशी टोपली खातूनच्या डोक्यावर आली आणि तालुक्यातल्या जंगलगावांचे आठवडी बाजारही तिच्याच वाट्याला आले. चिखलात रोवणं करून आणि तेंदूपत्ता तोडून राठ झालेले हात तिच्या मांडीवर यायचे. कोसमटोल्याच्या बाजारात तर चिंचेखालची जागा तिचीच म्हणून सोडलेली असायची. घरात हिंदी बोलणारी खातून बाजारात बसली की अस्सल झाडीबोली बोलायची.

नवरा मुजफ्फर बोअरवेलच्या गाडीवर कामाला होता. गाडी आज तेलंगणात, तर पुढच्या पंधरवड्यात छत्तीसगडात. घरी आला की पोरीला, महेकला, खांद्यावर बसवून अख्खा मोहल्ला हिंडवायचा. एका उन्हाळ्यात तो परतला तोच पार वाळून. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. जुलाब थांबत नव्हते. जिभेवर आणि टाळूवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे आलेले, त्यामुळे भाताचा घासही गिळवत नव्हता. सरकारी दवाखान्यात टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, "रक्ताची आणखी एक तपासणी करू. एचआयव्हीची." मुजफ्फरनं मान डोलावली. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळले आणि त्यानं खातूनचा हात धरून सरळ फाटकाबाहेरची वाट धरली.

रस्त्यात तो एवढंच बोलला, "एक बार नाम लग गया तो महेक को कौन ब्याहेगा?"

मग झाडपाला झाला, ताईत झाला. टीबीच्या गोळ्याही त्यानं मध्येच टाकल्या. पावसाळा सरता सरता तो गेला. लोकांनी टीबीनं गेला म्हटलं, खातूननंही तेच म्हटलं. पण दवाखान्याचं ते फाटक तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या आजारानं तो गेला याहीपेक्षा तो न बघताच पळाला, याचा तिला जास्त राग होता. आणि आपणही त्याच्यासोबत पळालो, याचा त्याहून जास्त.

पुढची काही वर्षं ती धडधाकट होती. बाजार, महेकची शाळा, थकलेल्या सासूची सेवा. सासूही गेली. एचआयव्ही हा शब्द कधी भिंतीवरच्या पाटीत दिसायचा. खातून नजर वळवून पुढे जायची. मला काय झालंय? मी तर ठणठणीत आहे.

मग एका हिवाळ्यात तिच्या पाठीपासून पोटापर्यंत, अगदी एकाच बाजूनं, फोडांची रांग उठली. आग अशी की अंगावर ओढणी ठेववेना. शेजारणी म्हणाल्या नागीण आहे. त्याच घरात राहणारी मोठी जाऊ नाहीद हिनं गेरू उगाळून लावला. फोड सुकले, पण ठणका गेला नाही आणि अंगही उतरत चाललं. अखेर खातून त्याच सरकारी दवाखान्यात गेली.

या वेळी डॉक्टर दुसरे होते. त्यांनी पाठ बघितली, घरात कोण कोण आहे ते विचारलं. नवरा टीबीनं गेला हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, नागीण कुणालाही होऊ शकते. पण तुमच्या वयात अशी उठली आणि वजनही घटतंय, तर एचआयव्हीची तपासणी करून घेतलेली बरी. तुमची तयारी असेल तरच."

खिडकीतून फाटक दिसत होतं. उघडंच होतं. खातूननं एकदा तिकडं बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"करा," ती म्हणाली. "आत्ताच करा."

तपासणीच्या खोलीत दीपिका नावाची समुपदेशक बसायची. आधी बोलायचं, मग रक्त, मग पुन्हा बोलायचं, अशी तिची रीत. तिनं दार लोटलं आणि सांगितलं की इथलं बोलणं तुमच्या मर्जीशिवाय कुणाला कळणार नाही. मग थोडं रक्त घेतलं. पहिल्या तपासणीत काही दिसलं तर वेगवेगळ्या पद्धतीनं आणखी दोनदा तपासतात आणि तिन्हींचं एकच उत्तर आलं तरच पक्कं मानतात, हेही तिनं आधीच सांगून ठेवलं. खातून बाहेरच्या बाकावर बसली. उठावं, चालू लागावं, असं तिच्या पायांना वाटत होतं. तिनं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून ठेवला.

तिन्ही तपासण्यांचं उत्तर एकच आलं.

दीपिकानं पाण्याचा पेला पुढे केला. खातूननं घेतला नाही. "किती दिस उरले माह्याजवळ?"

"दिवस कसले मोजता, ताई? गोळ्या नीट घेतल्या तर नातवंडं खेळवाल."

"मंग मुजफ्फर काऊन गेला?"

"त्यांना गोळ्या मिळाल्याच नाहीत ना." दीपिकानं पेला तिच्या आणखी जवळ सरकवला. "हा विषाणू शरीराची राखण करणाऱ्या पेशी खात जातो, हळूहळू. राखण मोडली की टीबी, जुलाब, तोंडातले चट्टे, सगळे आजार आत शिरतात. त्या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. तुम्ही त्याच्या आधीच आलात."

"पण मले तं काईच होत नव्हतं. इतकी वर्षं!"

"म्हणूनच तपासावं लागतं. अंगात शिरतो तेव्हा साधा ताप येतो, अंग दुखतं, घसा धरतो. माणूस विसरूनही जातो. मग वर्षानुवर्षं गप्प असतो तो. चेहरा बघून कुणी ओळखू शकत नाही, मीसुद्धा नाही."

तो आला कुठून, हे खातूननं विचारलंच नाही. दीपिकानं तरी सांगितलं. निरोध न वापरता आलेल्या संबंधातून येतो, दूषित रक्तातून, एकाच्या सुईनं दुसऱ्याला टोचल्यानं येतो, आणि आईकडून बाळाला. पोटात, जन्मताना किंवा अंगावरच्या दुधातून.

शेवटच्या शब्दावर खातून ताडकन उभी राहिली. आत्तापर्यंत तिचे डोळे कोरडे होते.

"महेक," ती म्हणाली.

महेक तेव्हा आठवीत होती. तिला काय सांगावं, हे खातून घरी जाताना वाटभर जुळवत राहिली. शेवटी सगळं सोडून तिनं खरं तेच सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अम्मी, मुझे भी है क्या?"

"पता नहीं. देखेंगे. पर भागेंगे नहीं."

दुसऱ्या दिवशी मायलेकी त्याच बाकावर बसल्या. महेक शाळेच्या गणवेशातच आली होती, कारण दुपारी चाचणी परीक्षा होती. आत बोलावलं तेव्हा दीपिकाचा चेहरा वाचायचा खातूननं खूप प्रयत्न केला, पण तो चेहरा काही सांगत नव्हता.

"महेकला नाही," दीपिका म्हणाली. "जन्माच्या वेळी बहुतेक तुम्हालाही नसावा. लागण नंतरची असेल."

खातून त्याच खुर्चीवर वाकून रडली. कालपासून आवरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. महेक आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, नागीण उठलेली बाजू सांभाळून. मग पोरगी परीक्षेला गेली आणि खातून गोळ्या सुरू करायला गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात जायच्या तयारीला.

गोळी रोज एक, ठरल्या वेळी. खातूननं संध्याकाळची, मगरिबच्या नमाजानंतरची वेळ धरली, म्हणजे रमजानातही इफ्तारीनंतर सहज घेता येईल. सुरुवातीला घेरी यायची आणि तोंडाला चव नसायची. ती भिंत धरून चालली, पण गोळी चुकवली नाही. उन्हाळा आला तसा भाकरीला स्वाद आला, अंगही भरू लागलं. मधल्या काळात नाहीदला सगळं कळलं. तिनं खातूनचं ताट आणि पेला वेगळा केला, खुंटीवरचा टॉवेलही उचलला. खातूननं समजावून बघितलं की ताटातून, टॉवेलातून हे येत नाही. नाहीदनं ऐकून घेतलं आणि ताट वेगळंच ठेवलं.

"ठीक है भाभी," खातून म्हणाली. "मेरा रखो अलग. पर महेक का तुम सबके साथ ही रहेगा. उसकी थाली हिली तो मैं घर हिला दूँगी."

नाहीदनं महेकच्या ताटाला हात लावला नाही.

एक प्रश्न मात्र खातूनला छळत होता. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तिनं तो दीपिकासमोर ठेवला. "मॅडम, माहा धंदा काचेचा. बांगडी फुटते. कधी मले लागते, कधी बाईले. माह्यामुळं एखादीले झालं तं मी काय तोंड दाखवू? खरं सांगा. नाई म्हणाल तं टोपली ठेवून देईन."

दीपिका खुर्ची पुढे ओढून बसली. "हात धरल्यानं होत नाही, घामानं होत नाही, हे नक्की. रक्ताचं म्हणाल तर तुमच्या ताज्या जखमेतलं रक्त तिच्या ताज्या जखमेत जायला हवं. काचेच्या ओरखड्यातून असं झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. गोळ्यांनी तुमच्या रक्तातला विषाणू इतका दबेल की तपासणीत सापडणार नाही, मग ती भीती आणखीच कमी. तरी एक पाळा. बोट कापलं की थांबा, धुवा, पट्टी बांधा. हे खरं तर सगळ्याच बांगडीवाल्यांनी पाळायला हवं. एक कावीळ असते, तीही रक्तातून जाते."

त्या दिवसापासून खातून बाजारात बसण्याआधी अंगठ्याला आणि दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळू लागली. सोबत पाण्याची बाटली आणि साबण. बायकांनी विचारलं तर म्हणायची, काच लागते म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात बातमी फुटली. कोसमटोल्याची एक बाई आपल्या सासऱ्याच्या डोळ्यांसाठी गडचिरोलीला गेली होती. तिनं खातूनला एचआयव्हीच्या गोळ्यांच्या ओळीत उभं असलेलं बघितलं. बाजाराच्या दिवसापर्यंत गावाला कळलं होतं.

खातून चिंचेखाली बसली. सकाळ गेली, कुणी आलं नाही. शेजारी बसणाऱ्या सुकटवाल्यानं आपलं पोतं दोन हात पलीकडं ओढलं. बायका यायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि वडस्याहून येणाऱ्या दुसऱ्या बांगडीवाल्याकडे वळायच्या. दुपारी एक तरणी बाई आली आणि तिनं पदरातून हिरव्या बांगड्यांचा जुडगा काढून टोपलीत टाकला. मागच्याच बाजारात खातूननं भरलेल्या. नवरा जिता असताना फोडणार कशा, म्हणून तिनं साबण लावून एकेक काढल्या होत्या. मनगट सोलवटलं होतं.

"तुले थो रोग हाय म्हंते," ती बाई मोठ्यानं म्हणाली. आजूबाजूचे सगळे थांबले. "खरं हाय काय वो?"

नाही म्हणता आलं असतं. अर्ध्या बाजारानं विश्वासही ठेवला असता. खातून उठून उभी राहिली, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाईल.

"हाव. हाय मले एचआयव्ही. नवऱ्यापासून आला. गोळी घेऊन राह्यली, आणि तब्येत पाहा माही. तुह्या हाताले हात लावल्यानं तुले काई होत नाई. तरी भेव वाटत असंल तं बांगड्या वापस घे म्हणाची गरज नाई, मी घेतल्या. पण मनगटाले तेल लाव, सोलपटलं हाय."

बाई निघून गेली. खातून खाली बसली. हिरव्या बांगड्यांचा जुडगा तिनं टोपलीत नीट लावला. बाजार उठेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली. आणि त्याच्या पुढच्याही. नाहीद म्हणायची, जाऊन काय करतेस, टोपली भरलेलीच तर परत आणतेस. दुसऱ्या गावांतही हळूहळू बातमी पोचली आणि गिऱ्हाईक तुटलं. घरी बसून ती ब्लाउज शिवायची, त्यावर भागवायची. पण बाजाराच्या दिवशी टोपली डोक्यावर असायचीच. महेकनं एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मैं नहीं गई तो वो जगह भी जाएगी."

दिवाळीच्या सुमाराला, धान कापणीला आलं तेव्हा, कोसमटोल्याची गिरजाबाई बाजार उठायच्या वेळी चिंचेजवळ आली. पन्नाशी उलटलेली गोंड बाई, चार एकर धानाची मालकीण. खातूनच्या सासूपासून तिचा हात याच घरानं भरलेला. पण गेले कित्येक बाजार तीही फिरकली नव्हती. आज ती खातूनकडे पाठ करून उभी राहिली आणि समोरच्या लसणाच्या ढिगाकडे बघत हळूच बोलली.

"अंकुश आला हैदराबादून. माहा पोरगा. ताप जात नाई त्याचा. तोंडात पांढरं पांढरं आलं हाय. पार काटकी झाला. माघात त्याचं लगीन कराचं ठरलं होतं वो." तिनं लसणाची एक गड्डी उचलून परत ठेवली. "तू सांगजो ना, कुठी तपासते, काय करते. घरी ये. उद्या, दुपारी. मागच्या दारानं ये, कोनी पाहाणार नाई."

खातूनला मुजफ्फरच्या जिभेवरचे चट्टे आठवले. पोराची कीव आली आणि मागच्या दारामुळं डोकं तापलं.

"येईन," ती म्हणाली. "पण मागच्या दारानं नाई. पुढच्या दारानं येईन, टोपली घेऊन. लोकायनं विचारलं तं चुडीवाली आली म्हणून सांगजा. तुमच्या पोराचं माह्या तोंडातून कोनाले समजनार नाई. पण मी चोरासारखी येनार नाई, बाई."

गिरजाबाई निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी खातून कोसमटोल्याच्या मधल्या वाटेनं, टोपली डोक्यावर घेऊन चालत आली. ओसरीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. गिरजाबाईच्या अंगणाशी पोचली तेव्हा पुढचं दार उघडं होतं आणि उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवलेला होता.

अंकुश आतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. पंचविशीतला पोरगा. त्याला समजलं ती कशाला आली ते. "जाऊ द्या, बाई," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "थेच असंल तं मी मेलो समजा. पाहून काय कराचं?"

"इकडं पाह."

तो वळला.

"मी मेलेली दिसतो काय तुले?" खातून टोपली खाली ठेवत म्हणाली. "माहा नवरा नाई पाहिला आणि गेला. मी पाहिलं आणि इथी बसली हाय. तुले साधा टायफाईड असंल, नुसता टीबी असंल, का थेच असंल. मले नाई ठाऊक. तुलेही नाई. थे रक्त सांगते. तोंड पाहून सांगनारा खोटारडा."

"आणि लगीन?"

"लगीन पळून चाललं काय? आधी तपास. असंल तं त्या पोरीले तुह्याकडून जाऊ नये म्हणून तरी तपास."

तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "सोबत याल?"

ती सोबत गेली, त्याच सरकारी दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर गिरजाबाईच्या शेजारी बसली. गिरजाबाई हाताची बोटं चोळत होती, ओठातल्या ओठात आपल्या पेनाला, कुळाच्या देवाला, आळवत होती. अंकुशला एचआयव्ही निघाला आणि छातीत टीबीही. गिरजाबाई बाकावरून खाली सरकली, तेव्हा खातूननं तिला काखेत धरून वर बसवलं. "सापडलं ना," ती तिच्या कानाशी म्हणत राहिली. "सापडलं म्हंजे औषध हाय. नाई सापडत थे मरते, बाई. सापडलं."

आधी टीबीच्या गोळ्या, काही दिवसांनी त्यांच्या जोडीला एचआयव्हीच्या. डॉक्टरांनी क्रम लावून दिला. गोळ्या मधेच टाकल्या तर विषाणू हट्टी होतो, मग साध्या औषधांना दाद देत नाही, हे दीपिकानं अंकुशला समजावलं. खातूननं ते तिच्या पद्धतीनं समजावलं. बाजाराच्या दिवशी ती गिरजाबाईच्या अंगणातून जायची आणि पुढच्या दारातून ओरडायची, "जेवला काय रे?" हा त्यांचा सांकेतिक प्रश्न. आतून "हाव" आलं की ती पुढे. एकदा "हाव" आलं नाही. गोळ्यांनी मळमळतंय म्हणून त्यानं सोडल्या होत्या. खातून तशीच आत गेली, टोपलीसकट, आणि त्यानं गोळी गिळेपर्यंत खाटेशेजारून उठली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेऊन मळमळीवर औषध घेतलं. शेजारणींनी विचारलं, गिरजाच्या घरी एवढं काय काम? खातून म्हणाली, "सुकरीचं लगीन हाय ना. माप घेऊन राह्यली."

सुकरी म्हणजे गिरजाबाईची लेक. लग्न खरंच ठरलं होतं, जिवतीकडच्या मुलाशी. अंकुशचं ठरलेलं गिरजाबाईनं तब्येतीच्या नावानं मागं घेतलं होतं. लेकीच्या चुड्यासाठी तिनं खातूनला बोलावलं, तेव्हा भावकीतल्या बायका चिडल्या. वडस्याचा बांगडीवाला आहे, याच बाईचा हट्ट काऊन? गिरजाबाई म्हणाली, "माहा हात तिच्या सासूनं भरला. माह्या लेकीचा थे भरंल." आणि धान पाखडायला लागली.

मांडवात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, पण खातूनभोवती हातभर जागा रिकामी होती. तिनं साबणानं हात धुतले, पट्ट्या गुंडाळल्या आणि सुकरीचा हात मांडीवर घेतला. नवरी भेदरलेली. खातून काय काय विचारत होती, पण पोरगी हूं की चूं करीना. आणि व्हायचं तेच झालं. हात आखडला, हिरवी बांगडी कडकन् तुटली आणि सुकरीच्या मनगटावर रक्ताचा थेंब उभा राहिला.

सुकरीची आत्या उठून ओरडली, "सोड! सोड वो तिचा हात! मारतं काय माह्या पोरीले?"

खातूननं सुकरीचा हात हलकेच खाली ठेवला आणि आपली दहाही बोटं सगळ्यांसमोर वर धरली. पालथी केली, उताणी केली.

"पाहा. माहा हात कुठी कापला नाई. हे रक्त सुकरीचं हाय, तिच्याच हातावर हाय. माह्या बोटाले लागलं असतं तं मीच आधी उठली असती. कोनाले बोलाची पाळी आणली नसती."

मग तिनं बाटलीतलं पाणी मनगटावर धरलं, काचेचा कण नाही ना ते बघितलं, स्वच्छ फडकं दाबून धरलं. ओरखडाच होता. रक्त थांबलं. त्यावर पट्टी लावून ती वाट बघत बसली.

सुकरीनं आत्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. दाराशी अंकुश उभा होता. पूर्वीसारखा नव्हे, पण गाल भरलेला, स्वतःच्या पायांवर. सुकरीनं दुसरा हात खातूनच्या मांडीवर ठेवला.

"हा भरा आधी," ती म्हणाली. "आणि बाई, तुमी मघा विचारत होत्या ना, त्याचं घर जिवतीपासून किती दूर. जीप जाते म्हंते पहाडावर."

"जाते ना," खातून म्हणाली आणि तिचा अंगठा मिटवला. "मंग? सासू कशी हाय?"

चुडा पुरा भरला. आणखी एकही बांगडी फुटली नाही. त्यानंतर गिरजाबाई लेकीच्या शेजारी फतकल मारून बसली आणि तिनं आपला हात पुढे केला. मग अंकुशची एक चुलती आली, मग शाळेतल्या दोन-तीन पोरी. आत्या आली नाही. तिनं वडस्याच्या बांगडीवाल्याकडूनच भरल्या आणि जेवतानाही ती खातूनच्या पंगतीत बसली नाही.

पूर्वीचा बाजार काही खातूनला पुरा परत मिळाला नाही. कोसमटोल्यात निम्म्या बायका येतात. दोन गावांत अजून कुणी समोर बसत नाही, तरी ती तिथंही टोपली मांडते. घरात नाहीदनं टॉवेल परत खुंटीवर टांगला, ताट मात्र वेगळंच आहे. त्यावर खातून आता भांडत नाही. महेक दहावीला बसली आहे.

तपासणीत खातूनच्या रक्तात विषाणू सापडत नाही. याचा अर्थ तो गेला असा नव्हे, गोळी सुटली की तो पुन्हा डोकं वर काढील, हे ती येईल त्याला बजावून सांगते. कारण येणारे आता बरेच आहेत. कुणी बांगड्यांच्या निमित्तानं येतं, कुणी नवऱ्याचा ताप सांगायला, कुणी बाळंतपणाआधी तपासून घ्यायचं धाडस होत नाही म्हणून. ती त्यांना समोर बसवते, दवाखान्याची वाट सांगते. सोबत लागली तर जाते. ज्यांचं निघालं त्यांची नावं तिच्या पोटात राहतात. ज्यांचं निघालं नाही पण नुकताच धोका झाला असेल, त्यांना ती तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला लावते, कारण ताजी लागण लगेच दिसत नाही.

गडचिरोलीला गोळ्या आणायला ती आणि अंकुश सकाळच्या एकाच एसटीनं जातात. त्याच्या इच्छेप्रमाणं वेगवेगळ्या बाकांवर बसतात, ओळख नसल्यासारखे. परवा मात्र गाडीत गर्दी होती आणि तो तिच्या शेजारीच येऊन बसला. आरमोरी मागं पडली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाई, दीपिका मॅडमनं सांगितलं, एक पोरगी हाय धानोऱ्याची. तिलेही हाय आणि तिले लगीन कराचं हाय. मले विचारून राह्यल्या."

"मंग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, तुमाले विचारतो."

"मले काऊन? माहा हात घेऊन जाशील काय मांडवात?" खातून हसली. गाडीतल्या चार माणसांनी वळून बघितलं. "जा, भेट तिले. आणि सगळं खरं खरं सांग. तुह्या टीबीचंही."

"हाव," अंकुश म्हणाला आणि गाडी थांबल्यावर तिची पिशवी उचलून तिच्या आधी खाली उतरला.